'सर्व प्रकारच्या जमिनीसाठी' लिहिलेलं जिवाणू खत परसात आणि खाजणात वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. परसातल्या भाजीला पाचापैकी चार स्टार, खाजणातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल खाऱ्या जमिनीतल्या, भाताला दीड. बाटली तीच, वापरणारा मीच, पाऊस पण तोच, आणि दोन्ही जमिनींमध्ये अंतर म्हणाल तर आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावरच्या घरामागच्या चढावरून बांधापर्यंत उतरून जाण्याएवढं. तरी वर काम झालं आणि खाली काहीच झालं नाही, आणि ते का झालं नाही हे मला लेबलवर कुठेच वाचायला मिळालं नाही म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

वस्तू काय आहे: लिक्विड बायोफर्टिलायझर, एक लिटरची बाटली, तीनशेच्या आसपास पडली, डिचोलीच्या बाजूच्या एका दुकानातून घेतली. आत ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम (हे दोन्ही हवेतलं नत्र धरणारे), स्फुरद विरघळवणारे जिवाणू (दुकानात सगळे पीएसबी म्हणतात) आणि पोटॅश मोकळं करणारे जिवाणू असं मिश्रण. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दुकानात शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या बाटल्यांवर पण जवळपास हाच मजकूर होता, आणि माझी तक्रार एका कंपनीशी नाहीये, त्या 'सर्व प्रकारच्या जमिनीसाठी' या ओळीशी आहे. भात, भाजी, नारळ, सुपारी, ऊस, सगळ्यांची चित्रं एकाच लेबलवर. गोव्यात राहणाऱ्या माणसाला ही ओळ पटूच शकत नाही, कारण आमच्याकडे जमिनीची नावंच वेगवेगळी आहेत, चढावरची मोरड वेगळी, मधली केर वेगळी, खालचं खाजण वेगळं, आणि तीन ठिकाणी शेती करायची पद्धत पण तीन.

पॅकिंगबद्दल चांगलं बोलतो. बूच घट्ट होतं, उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी स्पष्ट छापलेली होती, आणि एका मिलिलिटरमध्ये किती जिवंत जिवाणू आहेत तो आकडा पण होता. हा आकडा बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्या. आपल्याकडे बायोफर्टिलायझर 2006 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत आणि लिक्विड असेल तर मिलिलिटरला कमीत कमी 10 कोटी जिवाणू असायला पाहिजेत असा नियम आहे, पावडरवाल्याला ग्रॅममागे 5 कोटी. आकडा छापलेला नसेल तर ती बाटली घेऊच नका. दुकानाबद्दल मात्र राग आहे. बाटल्या रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडून ठेवलेल्या, आणि हे जिवंत औषध आहे, थंड जागेत ठेवा असं बाटलीवरच लिहिलंय. मी आतल्या खोक्यातली मागून घेतली, दुकानदाराने दिली पण तोंड वाकडं करून.

आता परस. आमचं घर चढावर, माती तांबडी, जांभ्याची, पाणी पडलं की अर्ध्या तासात निथळून जातं. मुळात ही माती आम्लधर्मी असते, पण आईने वर्षानुवर्षं तिथे चुलीची राख आणि शेण टाकलंय त्यामुळे तो तुकडा बराच निवळलाय. तिथे सात शिरांचे भेंडे आणि काकडी केली, बी भिजवताना हे लिक्विड लावलं आणि नंतर एकदा शेणखतात मिसळून बुंध्याशी दिलं. एक ओळ मुद्दाम न लावता ठेवली होती. लावलेल्या ओळीतली रोपं लवकर उभी राहिली, पानं जास्त हिरवी, आणि हंगाम संपल्यावर झाडं उपटली तेव्हा मुळांचा झुबका डोळ्यांना दिसेल इतका दाट होता. एका परसातलं निरीक्षण आहे, प्रयोगशाळेतलं नाही, पण मी समाधानी आहे आणि पुन्हा घेणार.

आणि हे तिथे का चाललं त्याला कारण आहे. ॲझोटोबॅक्टरला हवा लागते, भरपूर लागते, आणि पीएच (माती किती आम्ल ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल) सातच्या जवळ लागतो, माती जास्त आम्ल झाली की तो टिकत नाही. परसात दोन्ही मिळालं, हवा आपोआप आणि पीएच आईच्या राखेमुळे. राख न पडलेल्या मोरडीवर हीच बाटली एवढी चालली असती असं मला वाटत नाही. 2006 साली फियरर आणि जॅक्सन या दोघांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या 98 ठिकाणच्या माती तपासून दाखवलं होतं की कुठल्या मातीत कुठले आणि किती प्रकारचे जिवाणू राहणार हे तिथल्या तापमानापेक्षा, पावसापेक्षा, जास्त करून पीएच ठरवतो, साधारण सातच्या आसपास विविधता सगळ्यात जास्त आणि आम्ल मातीत कमी. म्हणजे आधी घर तयार पाहिजे, मग राहणारे येतात.

खाजणाची गोष्ट इथून सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजण म्हणजे नदीच्या भरतीचं पाणी जिथे येऊ शकतं अशी सखल जमीन, जिला बांध घालून आपल्या पूर्वजांनी शेतीखाली आणली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे असं सांगतात. बांधाला मानस असते, लाकडी दारांची, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं, वीज नाही मोटर नाही काही नाही. पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन नेतो मग कोरगुट, म्हणजे मीठ सोसणारं आमचं जुनं भात, पेरायचं, भात कापून झालं की खारं पाणी आत घ्यायचं, मासळी, सुंगटं (कोळंबी) करायची. एकाच शेतात वर्षातून गोडं पाणी, खारं पाणी, आणि मध्ये एप्रिल-मेच्या उन्हात भेगा पडलेली माती, अशी सगळी अवस्था येऊन जाते. मांडवी नदीचं पाणी ऐन पावसात आमच्याकडे जवळपास गोडं असतं आणि मेमध्ये तोंडात घालवत नाही इतकं खारं. या सगळ्यातून जे जिवाणू तग धरतात ते काही साधे नसणार, आणि त्यांच्यात बाहेरून आलेल्या पाहुण्याने जाऊन बसायचं आहे.

आम्ही काय केलं तर मोड आलेल्या कोरगुटाच्या बियाण्याला हे लिक्विड चोळलं, तासभर सावलीत ठेवलं आणि फेकून पेरलं, नंतर फुटवे येताना बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दुसरा डोस दिला. मधला एक पट्टा तसाच ठेवला. शेवटपर्यंत दोन्हीत काडीचा फरक दिसला नाही. उंची तीच, फुटवे तेच, लोंब्या त्याच. आमचे थोरले काका, ज्यांचा जन्म मानस सांभाळण्यात गेला, ते दुसऱ्या डोसच्या वेळीच बांधावरून ओरडून म्हणाले होते, "अरे, पाण्यावर ओततोस ते कुठे जाणार? ओहोटीला मानशीतून थेट मांडवीत!"

काकांचं एक झालं, पण फक्त वाहून जाण्याचा प्रश्न नाहीये. जरा हिशोब करून बघा. एक लिटर बाटली म्हणजे नियमाप्रमाणे 10 हजार कोटी जिवाणू. ऐकायला खूप वाटतं. पण एका एकराची वरची 15 सेंटीमीटर माती म्हणजे साधारण 9 लाख किलो, आणि एका ग्रॅम मातीत 10 कोटी जिवाणू असले असं कमीत कमी धरलं (चांगल्या मातीत 100 कोटी पण असतात) तरी बाटलीतल्या एका जिवाणूमागे मातीत आधीपासून बसलेले नऊ लाख होतात. म्हणून बियाण्याला किंवा मुळांना लावणं हीच त्यातल्या त्यात शहाणी पद्धत, निदान मुळाच्या अंगाला तरी ते चिकटतात. शेतभर शिंपडणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि आमच्या बाबतीत शब्दशः पाण्यात.

पण संख्या कमी असली तरी परिस्थिती मानवली तर जिवाणू वाढतात, ते वाढतातच, परसात वाढले. खाजणात परिस्थिती मानवत नाही आणि ही मुख्य गोष्ट आहे.

माती पाण्याखाली गेली की हवा आत शिरायची जवळपास थांबते, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने दहा हजार पट हळू सरकतो. आत जो थोडा उरलेला असतो तो जिवाणू एक-दोन दिवसांत खाऊन टाकतात. मग श्वास घ्यायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन बनवणारे. जसजसं एक संपतं तसतशी एक टोळी मागे पडते आणि दुसरी वर येते. बाहेरून कोणी आणून टाकलेली नसते, सगळ्या त्याच मातीत झोपलेल्या असतात, पाणी किती दिवस उभं राहिलं त्यावर कोणाला जाग यायची ते ठरतं. डच शास्त्रज्ञ बास बेकिंगने 1934 मध्ये म्हणून ठेवलंय की सगळं सगळीकडे असतं पण निवड परिस्थिती करते. आता अशा जागी हवेवर जगणारा ॲझोटोबॅक्टर ओतला तर तो काय करणार? ॲझोस्पिरिलमचं थोडं बरं आहे, त्याला कमी ऑक्सिजन चालतो आणि तो भाताच्या मुळांवर निसर्गतः पण सापडतो, मुळांच्या जवळ त्याला जागा मिळू शकते. पण मग मीठ आडवं येतं.

मिठाचं असं आहे की ते पेशीतलं पाणी बाहेर खेचतं. खाऱ्या जागेतले जिवाणू त्यावर उपाय म्हणून पेशीच्या आत बीटेन, एक्टोइन, प्रोलिन असले पदार्थ साठवून ठेवतात म्हणजे आतलं-बाहेरचं पारडं सारखं राहतं. ते बनवायला ताकद खर्च होते, आणि ज्याला ते जमत नाही तो मरतो किंवा गप्प पडून राहतो. गोड्या पाण्यात, टाकीत, साखरेच्या पोषणावर वाढवलेला बाटलीतला जिवाणू अचानक खाजणात उतरला की त्याचं काय होत असेल. जगभरच्या वेगवेगळ्या ठिकाणांचे नमुने एकत्र मांडून 2007 मध्ये लोझुपोन आणि नाइट यांनी दाखवलं की जिवाणूंच्या वस्त्या सगळ्यात जास्त वेगळ्या होतात त्या खारेपणामुळे, तापमान आणि पीएच त्याच्या मागे. म्हणजे परसात पीएच राजा, खाजणात मीठ राजा, आणि लेबलवर दोघांचाही उल्लेख नाही.

पीएसबीबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण दुकानदार सगळ्यात जास्त त्याचंच सांगतात. जांभ्याच्या कोरड्या मातीत स्फुरद लोहाला घट्ट धरून बसलेलं असतं आणि तिथे हे जिवाणू उपयोगी पडतात. पण शेत पाण्याखाली गेलं की लोहावर श्वास घेणारे मातीतलेच जिवाणू ते लोह विरघळवतात आणि त्याला चिकटलेलं स्फुरद आपोआप सुटतं. म्हणजे जे काम करायला आपण बाटली विकत घेतो ते काम खाजण फुकटात करतं. तसंच आम्ल मातीचा पीएच पाण्याखाली काही आठवड्यांत चढत चढत सातच्या जवळ जातो, कारण या सगळ्या उलाढालीत आम्ल खर्च होतं. हे जेव्हा मला नीट कळलं तेव्हा खाजणातल्या चिखलाकडे बघायची माझी नजरच बदलली, खरं सांगतो, इतक्या वर्षं त्यात पाय घालून उभा राहिलो आणि पायाखाली एवढं चाललेलं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये खाजणात एक फावडं सरळ खाली घालून चौकोनी ढेकूळ न मोडता वर काढा. वरचा थर, नखाएवढ्या जाडीचा, तपकिरी असतो, तेवढ्यातच हवा आहे. त्याच्या खाली राखाडी, आणि आणखी खाली काळी कुळकुळीत, तिला कुजक्या अंड्याचा वास, तो सल्फेटवर जगणाऱ्यांचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला अडीच ग्रॅमच्या वर असतं त्यामुळे त्यांना आमच्याकडे खाण्याची ददात नाही. आता त्याच ढेकळातलं भाताचं एक मूळ हळूच सोडवून धुऊन बघा, बाहेरून नारिंगी, गंजासारखा लेप. भात आपल्या देठातल्या पोकळ नळ्यांमधून हवा खाली मुळापर्यंत पाठवतं, ती थोडी बाहेर झिरपते आणि तिथे लोह पुन्हा गंजतं. काळ्या चिखलाच्या मधोमध मुळाभोवती केसाएवढ्या जागेत हवेवर जगणाऱ्यांची वेगळी वस्ती असते. बाटलीतल्या जिवाणूला खाजणात कुठे आशा असेल तर ती तेवढ्याच जागेत.

आणखी एक, शेताच्या कडेला साचलेल्या पाण्यावर कधीकधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो आणि लोक म्हणतात खनिज नेणाऱ्या बार्जचं डिझेल आलं. काडीने ढवळून बघा. डिझेल असेल तर तवंग फिरून पुन्हा जुळतो, लोहाच्या जिवाणूंचा असेल तर काच फुटल्यासारखे तुकडे होतात आणि तसेच राहतात. आमच्या बाजूला बहुतेक वेळा तुकडेच होतात. खनिजाची लोहयुक्त माती मांडवीत इतकी वर्षं वाहून आलीय की लोहाला तोटा नाही. त्यातही दोन बाजू आहेत. लोह त्या कुजक्या वासाच्या सल्फाइडला धरून काळ्या कणांत बसवतं, म्हणून मुळं त्या विषापासून वाचतात. पण लोह फार झालं तर भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडून पान करपतं.

आपल्याच इथे दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) खारफुटीतल्या या जिवाणूंवर बरंच काम केलंय, सल्फेटवाल्यांवर 1990 च्या आसपासच. मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटलं ते 2012 मध्ये छापून आलेलं, त्यात शापोरा नदीच्या काठची खारफुटी आणि आमच्या शेजारचं दिवाडी अशा दोन जागा घेतल्या होत्या. सगळे समजतात की पाणथळ जागेत नायट्रेटचा वायू होऊन नत्र उडून जातं. तिथे दिसलं की बराच मोठा भाग जिवाणू उलटा फिरवून अमोनियम बनवतात, म्हणजे नत्र मातीतच राहतं. नत्राची टंचाई असलेल्या जागेत जिवाणूंनी ते असं वाचवून ठेवणं, हे वाचून मला फार आनंद झाला. दिवाडी फेरीतून रोज दिसतं हो आम्हाला!

हे सगळं युरियाशी जोडून बघा कारण बाटलीबरोबर दुकानदाराने मला युरियाची पण शिफारस केली. नत्राची टंचाई असलेल्या जागी ते असं वाचतं, पण उभ्या पाण्यावर युरिया फेकला तर त्याचं अमोनियम होतं, वरच्या त्या नखाएवढ्या तपकिरी थरात त्याचं नायट्रेट होतं, ते खाली काळ्या थरात सरकलं की त्यातला पुष्कळ भाग वायू होऊन हवेत. शेत आज कोरडं, उद्या भरलं, परवा पुन्हा कोरडं असं होत राहिलं तर ही गळती सगळ्यात जास्त. आणि हे कोरडं-भरलं कशामुळे होतं तर मानशीची दारं कुजलेली असतात म्हणून, बांधाला भगदाड पडलेलं असतं म्हणून. उधाणाला पाणी आत येतं, ओहोटीला निम्मं जातं, शेताला स्थिर अशी एकही अवस्था मिळत नाही आणि भाताच्या ऐन दिवसांत खारं पाणी शिरलं तर विचारूच नका. काही ठिकाणी मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) होते आणि जास्त सुंगटं मिळावीत म्हणून खारं पाणी पाहिजे त्यापेक्षा जास्त दिवस आत ठेवतात, मग जूनच्या पावसाला ते मीठ धुऊन काढायला वेळ पुरत नाही. खाजणातले जिवाणू बदलायचे असतील तर खरी चावी ही आहे, पाणी कधी आत घ्यायचं, कधी सोडायचं. बाटली नव्हे. माझ्या दृष्टीने लाकडी दार बदलायला वर्गणी काढणं हा बायोफर्टिलायझरवरचा खर्चच आहे, आणि तो जास्त फळतो.

उलट बाजू पण आहे, पाणी कायमचं काढून टाकलं तर आणखी वाईट. बरीच वर्षं पाण्याखाली राहिलेल्या काळ्या चिखलात लोह आणि गंधक एकत्र होऊन बसलेलं असतं. ते उन्हात उघडं पडलं की दुसरेच जिवाणू, गंधक आणि लोह जाळून जगणारे, त्यातून गंधकाम्ल तयार करतात आणि पीएच चारच्या खाली जाऊ शकतो. केरळात कुट्टनाडच्या काही भागात शेतकरी या आम्लाशी किती वर्षं झुंजतायत. भराव टाकायला किंवा तळी खणायला खाजण उकरतात तेव्हा तो काळा चिखल बांधावर उन्हात पसरून ठेवतात, आणि पाऊस पडला की तेच आम्ल शेजारच्याच्या शेतात. शेजारी विचार करत बसतो की माझं भात पिवळं का पडलं.

सॉइल हेल्थ कार्डबद्दल दोन शब्द, कारण लेबलवर 'माती परीक्षणानुसार वापरा' असं लिहिलंय. 2015 पासून मिळणाऱ्या या कार्डावर 12 गोष्टी असतात, जिवाणू त्यात नाहीत. पण पीएच, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असतात, आणि जिवाणू कोण असणार हे ठरवणाऱ्या गोष्टी त्याच. कार्ड टाकून देऊ नका. फक्त खाजणाच्या बाबतीत नमुना कधी घेतला ते बघा. एप्रिलच्या भेगाळलेल्या मातीचा नमुना मीठ जास्त आणि पीएच कमी दाखवणार, जुलैत पाण्याखाली त्याच जागेचं चित्र पार वेगळं. दोन्ही वेळचे नमुने काढून शेजारी शेजारी ठेवले तर खाजण कसं चालतं ते त्या दोन कागदांवर दिसतं.

मग खाऱ्या जमिनीसाठी जिवाणू खत नसतंच का? असतं. केंद्रीय मृदा लवणता संस्थेच्या लखनौ केंद्राने हॅलो-अझो आणि हॅलो-पीएसबी नावाची मीठ सहन करणारी लिक्विड काढली आहेत, आणि तत्त्व बरोबर आहे, जिवाणू त्याच प्रकारच्या जमिनीतून उचला आणि तिथेच परत द्या. पण ती उत्तर प्रदेशातल्या चोपण जमिनींसाठी, जिथे पीएच खूप वर असतो. आमचं खाजण खारं पण आम्लाकडे झुकणारं, वर चार महिने पाण्याखाली. तिथलं आणून इथे ओतलं तर पुन्हा तीच 'सर्व प्रकारच्या जमिनीसाठी'ची चूक. जुन्या गोव्यातल्या एलाच्या आयसीएआर या सरकारी कृषी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी गोवा धान नावाच्या भाताच्या जाती काढल्या तसंच खाजणाच्या मुळांवरचे जिवाणू घेऊन केलेलं खत सोसायटीत स्वस्तात मिळालं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन. आमच्या कोरगुटाच्या मुळांवर पिढ्यान्पिढ्या मीठ आणि चिखल सोसलेले जिवाणू बसलेत. बियाणं जपतो तसे ते पण जपण्यासारखे आहेत, आणि कोरगुट पेरणं बंद झालं तर मुळाभोवतीची ती केसाएवढी वस्ती पण संपते, हे मला जास्त लागतं.

कोणी घ्यावं: ज्यांच्याकडे निथळणारी, थोडी राख किंवा चुना पडलेली, शेणखत असलेली जमीन आहे, भाजी, मिरची, केळी, कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) नवीन रोपं, त्यांनी जरूर घ्यावं. बियाण्याला नाहीतर मुळांना लावा, संध्याकाळी लावा, रासायनिक बुरशीनाशक आणि हे एकत्र करू नका, आणि क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवू नका, विहिरीचं घ्या. भात काढल्यावर केर जमिनीतल्या शेतात अळसांदे (चवळी) करणार असाल तर हे नको, त्याला रायझोबियमचं वेगळं पाकीट येतं, ते कडधान्याच्याच मुळांवर गाठी करतं आणि स्वस्त पण आहे. गोड्या पाण्याच्या भातशेतीत लावणी करत असाल तर रोपांची मुळं अर्धा तास बुडवून लावा, तिथे ॲझोस्पिरिलमला थोडी संधी आहे, त्यासाठी मी अडीच-तीन स्टार देईन.

खाजणवाल्यांनी पैसे ठेवावेत. भात कापल्यावर पेंढा जाळू नका, तिथेच कुजू दे, खालच्यांचं खाणं तेच आहे. पाऊस सुरू झाला की पहिली धुवण पूर्ण होऊ दे, शेतातलं पाणी निदान दोन-तीन ओहोट्यांना मोकळं सोडा मगच पेरा, साधं पेनासारखं क्षार मोजायचं मीटर मिळतं ते चार-पाच जणांत मिळून एक घ्या.

कंपनीकडे एकच मागणी आहे, कस्टमर केअरला फोन करून सांगितली पण आहे: लेबलवर पिकांची चित्रं कमी करा आणि हे जिवाणू कुठल्या पीएचपासून कुठल्या पीएचपर्यंत, किती क्षारतेपर्यंत आणि पाणी साचलेल्या जमिनीत चालतात की नाही, एवढ्या तीन ओळी छापा. पलीकडच्या मुलीने नीट ऐकून लिहून घेतलं. पुढच्या वर्षी जूनच्या आधी नवीन बाटली घ्यायला जाईन तेव्हा लेबल बघून इथे अपडेट टाकतो.